लाडोबाचा रिपोर्ट

आमच्या केंद्रात डुकरांना भेटायचं तर आधी आंघोळ करावी लागते. घरून करून आलेली चालत नाही. दारातल्या न्हाणीत अंगावरचं सगळं उतरवायचं, डोक्यावरून पाणी घ्यायचं, केसांना साबण लावायचा आणि पलीकडच्या दाराने बाहेर पडून तिथले निर्जंतुक कपडे चढवायचे. बाहेर येताना पुन्हा तेच. न्हाऊन न्हाऊन माझ्या केसांची पार केरसुणी झाली आहे. शिंक आली की घरी जायचं. घरात कुणाला ताप असला की फोन करून सांगायचं आणि यायचंच नाही. एवढं करून लोक विचारतात, "डुकरांत काम करता? वास नाही का येत?" मी हल्ली उत्तर देत नाही. कंटाळा येतो.

मी इथली जनावरांची डॉक्टर. आमची डुकरं वाढवली जातात ती त्यांच्या किडन्या माणसांना बसवता याव्यात म्हणून. माणसाच्या शरीराने परकं म्हणून हाकलून देऊ नये, यासाठी त्यांच्या जनुकांत हुशार लोकांनी फेरफार केले आहेत. ते काम त्यांचं. माझं काम विषाणूंचं. डुकराच्या अंगात असे काही विषाणू असतात की त्याला स्वतःला त्यांचा काही म्हणजे काही त्रास नसतो. त्यातला एक आईकडून पिल्लाकडे जातो, दुधातून, नाकाला नाक लागून. मग तो अंगात कुठेतरी जाऊन झोपतो. नाकात बोळा फिरवून तपासा, रक्त तपासा, सापडत नाही. आणि अशा डुकराची किडनी माणसात बसवली की तो जागा होतो, कारण त्या माणसाची प्रतिकारशक्ती आम्हीच औषधं देऊन निजवलेली असते. जागा झाल्यावर तो त्या एका माणसावर थांबेल की आणखी कुणाकडे जायला शिकेल, हे खात्रीने सांगणारा मला अजून भेटायचा आहे. म्हणून आम्ही डुकरिणीचं पोट चिरून पिल्लं काढतो, आईला दाखवतसुद्धा नाही, आणि वेगळ्या खोलीत बाटलीने वाढवतो.

बाटलीने वाढवणं म्हणजे काय ते आक्कांना विचारावं. आक्कांची सगळी नोकरी नवजात बाळांच्या वॉर्डात परिचारिका म्हणून झाली. निवृत्तीनंतर घरात बसून भिंती बघवेनात म्हणून त्या आमच्याकडे आल्या. पिल्लाला असं काही धरायच्या की बघणाऱ्याला वाटावं, आता याला टोपडं घालतील. जनावरांना नंबरानेच ओळखायचं, असा आमच्याकडे नियम आहे. तो त्यांनी पहिल्याच आठवड्यात धाब्यावर बसवला. एक होती रडूबाई. एक होता साहेब, कारण तो आमच्या मोठ्या साहेबांसारखा मान खाली घालून विचार करत उभा राहायचा. आणि एक लाडोबा.

लाडोबाची किडनी माझ्या दादाला मिळणार होती.

दादा माझा थोरला भाऊ. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या, तेव्हा वहिनीची जुळेना. माझी जुळली असती, पण मला जन्मापासून एकच. आमच्या घरात किडन्या वाटताना देवाने हात जरा आखडताच घेतला. माणसाच्या किडनीसाठी नाव लावलं होतं, पण ती रांग मारुतीच्या शेपटासारखी. डायलिसिससाठी सुया टोचून टोचून त्याच्या हातांतल्या शिरा एकेक करून बंद पडत गेल्या आणि आता डाव्या दंडातली तेवढी उरली होती. तीही कुरकुरायला लागली होती. डॉक्टर म्हणाले, ही गेली की अवघड आहे. म्हणून मी आमच्या प्रयोगात त्याचं नाव घालण्यासाठी ज्याच्या त्याच्या हातापाया पडले. नात्यातला म्हणून निवडीच्या बैठकीत मला बसू दिलं नाही. तो निवडला गेला तेव्हा मी न्हाणीत पाणी सोडून मनसोक्त रडले.

ऑपरेशन परवावर आलं होतं. सकाळी मी गेले तर न्हाणीच्या अलीकडच्या खोलीत आक्का बाकावर बसलेल्या, बाहेरच्याच कपड्यांत, पर्स मांडीवर.

"आक्का, आत नाही जायचं? दूध कोण पाजणार?"

"मी आत जाऊ नये असं वाटतंय, बाई. तुम्ही बसा जरा."

मी बसले. आक्का पर्सची चेन उघडत होत्या, लावत होत्या.

"काल तो हॉस्पिटलचा डॉक्टर आला होता ना, नव्या मुलींना शिकवायला? मी पण मागे जाऊन बसले होते. तो म्हणाला, पिल्लाने आईच्या दुधाचा एक घोट घेतला तरी बास. मग कितीही धुवा, पुसा, उपयोग नाही."

"बरोबर आहे. मग?"

"लाडोबाने घेतलाय."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांना सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.

झालं होतं ते असं. लाडोबा सगळ्यांत शेवटी निघाला, निळा पडलेला, गार. बाकीची पिल्लं घेऊन मुली पलीकडच्या खोलीत धावल्या होत्या. मी डुकरिणीला टाके घालून हात धुवायला गेले होते. आक्कांनी त्याला चोळलं, तोंडात फुंकर घातली, श्वास सुरू केला. पण अंग काही तापेना.

"आमच्या वॉर्डात असं बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवायचो, बाई. उबेच्या पेटीने होत नाही ते आईच्या अंगाने होतं. डुकरीण भुलीतच होती. मी सड धुतले आधी. औषधाच्या पाण्याने धुतले, पुन्हा धुतले, मगच ठेवलं. मला वाटायचं, तुमचा नियम घाणीसाठी आहे."

"आणि तो प्यायला?"

"चुटूचुटू प्यायला," आक्का म्हणाल्या. सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर, तशा परिस्थितीतही, किंचित अभिमान आला आणि लगेच पुसला गेला.

मी भडकले. "इतके महिने तोंडाला कुलूप आणि आज सांगताय? परवा ऑपरेशन आहे, आक्का!"

"मला तरी कुठे माहीत होतं? जीव वाचला, एवढंच माहीत होतं. काल कळलं, तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही."

"मग मोठ्या साहेबांना सांगायचं! मला कशाला सांगितलंत?"

"भाऊ तुमचा आहे. तुम्हाला ते दुसऱ्याच्या तोंडून कळावं, हे काही मला बरं वाटलं नाही."

मी त्यांना तिथेच बसायला सांगितलं, आंघोळ केली आणि आत गेले.

लाडोबा गजांपाशी आला. कानामागे खाजवलं की तो डोळे मिटायचा. मी खाजवत उभी राहिले. त्याच्या सगळ्या तपासण्या स्वच्छ होत्या. डुकरिणीच्या अंगात विषाणू होता की नाही, हेच मुळात ठाऊक नव्हतं. ती केव्हाच गेली होती. जनावराची त्या विषाणूशी कधी गाठ पडली होती का, हे सांगणारी आणखी एक तपासणी असते, पण ती बाहेर पाठवावी लागते, तिला वेळ लागतो आणि कारण द्यावं लागतं. दादाची शीर तेवढी थांबली नसती. शिवाय गप्प राहणं अगदी सोपं होतं. आक्कांना नुसतं म्हणायचं, काही होत नाही, जा आत, दूध पाजा. बाई म्हणतात म्हणजे बरोबरच असेल, असं म्हणून त्या आत आल्या असत्या आणि आयुष्यभर माझे उपकार मानले असते.

त्या वेळी मी जगाचा विचार केला, असं सांगायला मला फार आवडेल. डुकरातला विषाणू माणसात शिरतो आणि मग साथ पसरते, यावर मी भाषणं दिली आहेत. पण जग काही माझ्या डोळ्यांसमोर आलं नाही. वहिनी आली. दादाने अर्धा टाकलेला चहा त्याच कपातून पिऊन टाकणारी, त्याच्या जखमांच्या पट्ट्या उघड्या हाताने बदलणारी, त्याच्या उशीला उशी लावून झोपणारी. सह्या करताना तिने मला विचारलं होतं, "त्या डुकराचं काही लागणार नाही ना गं आम्हाला?" आणि मी म्हणाले होते, "वहिनी, आम्ही सगळी काळजी घेतलेली असते." ते वाक्य माझं होतं. त्यातलं "सगळी" आता खोटं झालं होतं.

मी मोठ्या साहेबांकडे गेले.

साहेबांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि डोळे चोळत बसले. "पण तो तुमचा भाऊ ना?" ते म्हणाले. मी हो म्हटलं. त्यांनी हॉस्पिटलला फोन लावला. पुढचं सगळं ठरलेलं असतं. एकावर संशय आला की त्याच्या खोलीतल्या सगळ्यांवर आला. आणि संशय आलेलं जनावर रिपोर्टची वाट बघत ठेवायचं नसतं. ते दुसऱ्या खोल्यांतल्यांनाही घेऊन बुडतं.

इंजेक्शनं मीच दिली. दुसऱ्या कुणाला सांगणं बरं दिसलं नसतं. रडूबाई नावाला जागून शेवटपर्यंत ओरडली. साहेब मान खाली घालून उभा राहिला. लाडोबाने माझ्या मनगटाला नाक लावलं आणि ते तसंच ठेवलं. नंतर मी त्यांना उघडून प्लीहा, फुप्फुस, किडन्या, सगळ्यांचे तुकडे तपासणीला पाठवले. दादासाठी राखलेली ती किडनी मी हातात घेऊन बघितली. छान होती, गुलाबी, तुकतुकीत. दिवसभरात मी किती वेळा न्हाले असेन, देव जाणे. आक्कांना चौकशी होईपर्यंत घरी राहायला सांगितलं गेलं, आणि असल्या चौकशा कधी संपत नाहीत हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. त्यांनी कपाटाची किल्ली पुसून टेबलावर ठेवली आणि गेल्या.

मी डायलिसिसच्या वॉर्डात पोचले तेव्हा दादा खुर्चीत होता, दंडात सुया, शेजारी मशीन. वहिनी त्याला संत्र्याची एकच फोड देत होती. त्याला पाणी मोजून, फळं मोजून.

"काय ठमाबाई," दादा म्हणाला, "तोंड का उतरलंय? डुक्कर पळालं की काय?"

लहानपणापासून तो मला ठमी म्हणतो. मी उभ्यानेच सांगून टाकलं. बसले असते तर सांगता आलं नसतं.

वहिनीने फोड परत बशीत ठेवली. "म्हणजे तो विषाणू त्याच्यात होता?"

"माहीत नाही. असू शकतो."

"नुसता संशय?"

"हो."

"आणि मारून टाकलं?"

"हो."

"सगळी?"

"हो, वहिनी."

"सत्याचा एवढा पुळका आला, तोही नेमका आमच्याच वेळेला!" वहिनीचा आवाज चढला. आजूबाजूच्या खुर्च्यांतली माणसं आमच्याकडे बघायला लागली. "ती बाई म्हातारी, तिचं काय जातंय? पण तू? तुला एक दिवस गप्प बसवलं नाही? तू बहीण आहेस की वैरीण?"

दादाने तिला थांबवायला हात उचलला तशी मशीन किंचाळायला लागली. नर्स धावत आली आणि आम्हा सगळ्यांनाच ओरडली. मशीन शांत झाल्यावर दादाने एवढंच विचारलं, "पुढचं कधी?"

"पुढची पिल्लं अजून अगदीच लहान आहेत, दादा. वर्ष तरी जाईल."

"वर्ष," तो म्हणाला आणि त्याने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, तो चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं.

दंडातली शीर त्यानंतर फार टिकली नाही. मग मानेतून नळी घातली, ती पिकली, ताप आला, दुसऱ्या बाजूने घातली. दादा कायमचाच हॉस्पिटलात राहायला गेल्यासारखा झाला. वहिनी माझ्याशी बोलत नव्हती. मी दिसले की थर्मास माझ्या हातात द्यायची आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसायची. मी ते भांडण समजून घेत होते. त्या दिवसांत मला कुणावर रागवायचंही त्राण नव्हतं. केंद्रात जायचं, न्हायचं, पुढच्या पिल्लांची नाकं तपासायची, न्हायचं, हॉस्पिटलात यायचं. पिल्लांना बाटली देणाऱ्या नव्या मुली काम चोख करायच्या. नावं कुणी ठेवत नव्हतं.

आणि मग रिपोर्ट आला. प्रयोगशाळेतल्या माणसाने फोनवर सांगितलं. लाडोबा स्वच्छ. प्लीहेत नाही, फुप्फुसात नाही, किडनीत नाही. रक्तातही त्या विषाणूची ओळख नाही. बाकीची डुकरंही स्वच्छ. "अभिनंदन," तो म्हणाला. त्या बिचाऱ्याला काय माहीत!

मी हॉस्पिटलच्या जिन्यात उभी होते. मला रडू आलं नाही. राग आला, पण तो कुणावर काढायचा ते कळेना. आक्कांवर? त्यांनी एक जीव वाचवला आणि मग खरं सांगितलं. साहेबांवर? त्यांनी नियम पाळला. माझ्यावर म्हणावं तर, आता कळलेलं तेव्हा कुणाला कळत होतं? वर जाईपर्यंत मी ठरवून टाकलं की दादाला सांगायचं, विषाणू होता. प्रत्येक पायरीवर "होता" म्हणून पाहिलं. जमत होतं.

वहिनी औषधं आणायला खाली गेली होती. दादाचा चेहरा सुजला होता, ओठ कोरडे पडले होते.

"आला का गं रिपोर्ट?" त्याने मला बघताच विचारलं.

"आला."

"होता?"

"नव्हता," मी म्हणाले. कसं तोंडातून निघून गेलं कोण जाणे. "काही नव्हतं, दादा. चांगला होता तो."

मी त्याच्या ओठांवरून ओला बोळा फिरवला. तो मला शिव्या देईल म्हणून मी वाट बघत होते, आणि दिल्या असत्या तर मी त्या घेतल्या असत्या.

"त्या आक्कांना सांगितलंस?" तो म्हणाला.

"अजून नाही."

"एकटीच राहते ना ती?"

"हो."

"मग तिला हे सांगू नकोस."

"का?"

"आमच्या लिफ्टवाल्यांत एक जण होता," दादा थांबत थांबत बोलायला लागला. "एकदा घरी गेल्यावर त्याने फोन केला, म्हणाला, वरचा बोल्ट आवळला की नाही, आठवत नाही. झालं! सगळ्या इमारतीची लिफ्ट बंद केली. म्हातारेकोतारे धापा टाकत जिने चढले. उघडून बघतो तर बोल्ट घट्ट. मग आम्ही त्याची अशी टर उडवली की विचारू नकोस. मीच पुढे. त्यानंतर त्याने कधी म्हणून फोन केला नाही."

"पुन्हा चूक झाली नसेल."

"अगं, शंका येत नाही असा मेकॅनिक असतो का? त्याला येत होती. बोलायचा बंद झाला." त्याला धाप लागली. मी पाठ चोळली. "तिला सांग, होता म्हणून. ती पुन्हा कुठे काम करेल, चार जणींना शिकवेल. तिला वाटता कामा नये की तोंड उघडलं हे चुकलं. केंद्रात खरं तेच राहू दे. पण तिला सांग, होता. आणि तुझ्या वहिनीला पण."

"वहिनीला कशाला?"

"तिला तुझ्याशी बोलायचंय गं. कारण सापडत नाहीये तिला."

"आणि तुझं काय?" मी जवळजवळ ओरडलेच. "तुला मी होता म्हणाले असते तर?"

"तुला कुठे खोटं बोलता येतं, ठमे? तिच्याकडे जाण्याआधी जरा सराव कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी मला आणि वहिनीला बाजूला घेतलं आणि म्हणाले, ज्यांना भेटायचं असेल त्यांना बोलावून घ्या. वहिनीने माझा हात धरला. आदल्या संध्याकाळी मी तिला खोटं सांगितलं होतं, आणि तेव्हापासून ती माझ्याशी बोलत होती.

दुपारी मी आक्कांकडे गेले. त्यांची खोली अगदी वरच्या मजल्यावर, नीटनेटकी. पलंगावर धुतलेल्या टॉवेलांचा ढीग होता. घडी केलेला टॉवेल उलगडून त्या पुन्हा घडी करत बसल्या असाव्यात. मला बसायलाही त्यांनी सांगितलं नाही.

"आला का हो, बाई?"

"आला."

"काय निघालं?"

"होता, आक्का. प्लीहेत सापडला."

आक्का पलंगाच्या कडेवर बसल्या आणि दोन्ही हातांनी त्यांनी तोंड झाकून घेतलं. खांदे हलायला लागले. मला वाटलं, हे काय करून बसले मी, या बाईच्या डोक्यावर आणखी एक धोंडा ठेवला. मी त्यांच्या शेजारी बसले. पाठीवर हात ठेवावा की नाही, तेही सुचेना.

"म्हणजे सांगितलं ते बरं झालं," हातांच्या आडून आवाज आला.

"हो. फार बरं झालं."

"नाहीतर माझ्या हातून..." त्यांनी हात खाली घेतले. डोळे लाल झाले होते, पण चेहरा मोकळा झाला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या आमच्या आक्कांसारख्या दिसल्या. "वाचला म्हणायचा तुमचा भाऊ."

"हो," मी म्हणाले. "वाचला."

"आता बरा आहे ना?"

"बरा आहे."

आक्कांनी डोळे पुसले, टॉवेल बाजूला सारले आणि माझ्यासाठी चहा टाकायला त्या आत गेल्या.